ट्रकच्या मापाचं माहेर

फ्रिस्को, टेक्सस

ऋजुताला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशीच मी मनातल्या मनात डिंकाचे लाडू वळायला घेतले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मात्र माझं स्वतःचं तसं झालं नव्हतं. ऋजुता इथे टेक्ससात जन्मली तेव्हा सांगलीहून यायला माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. तिने फोनवरून सांगितलेली बाळंतकाढ्याची कृती मी शेगडीपुढे उभं राहून ऐकली आणि फोन ठेवल्यावर खूप रडले. त्यामुळे लेकीच्या वेळी काहीही होवो, चार दिवस का होईना, ती बाळ व्हायच्या आधी माझ्या घरात येऊन पाय पसरून बसली पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

अडचण अशी की ऋजुता मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये ती आणि आमचा जावई डॅनियल दोघंही काम करतात. तिची डॉक्टर तिथली, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत टेक्ससला येणं शक्य नव्हतं. मी तिच्याकडे जाऊन राहावं, तर तिचं अपार्टमेंट एका बेडरूमचं. शिवाय तिने मला फोनवर सरळच सांगितलं, "आई, मला तू हवी आहेस. खरंच. पण त्याच किचनमध्ये आपण दोघी? We won't survive it." मला राग आला, पण तिचं काही चुकलं नव्हतं. गेल्या दिवाळीत तिच्या किचनमध्ये डाळींचे डबे कुठल्या कपाटात असावेत यावरून आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी मोजकंच बोलत होतो.

या पेचातून वाट काढली ती श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. तो गेल्या वर्षी रिटायर झाला आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर लोकांच्या ट्रेलरचे व्हिडिओ बघतो. तो म्हणाला, मुलीला माहेरी येता येत नाही तर माहेरच तिच्या दारात नेऊ. मला वाटलं चेष्टा करतोय. पुढच्या आठवड्यात दारात एक नवाकोरा पिकअप ट्रक उभा होता.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही घेतला त्या जातीच्या ट्रेलरला 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक; ते चाक मी अजून शोधते आहे. साधा ट्रेलर गाडीच्या मागे जोडतात. याचं तोंड मात्र वर उचललेलं असतं आणि ते ट्रकच्या मागच्या हौद्यावर येऊन टेकतं. ट्रेलरच्या तोंडाखाली लोखंडाचा जाड खुंट असतो, तो हौद्यात बसवलेल्या जबड्यात अडकतो. त्या जबड्याला हिच म्हणतात. उंचावलेल्या त्या तोंडात झोपायची खोली, मधे बसायची जागा आणि शेवटी मागच्या टोकाला स्वयंपाकघर. एका वृद्ध जोडप्याने वापरून झालेला हा ट्रेलर आम्हाला विकला. पडदे धुतलेले, कपाटं पुसलेली, बाई तर निरोप देताना त्याच्या दारावरून हात फिरवत होत्या.

त्या जोडप्याचा ट्रक जुना आणि बुटका होता, आमचा नवा आणि चांगलाच उंच. सगळ्या गोंधळाचं मूळ इतकंच होतं, पण ते आम्हाला फार नंतर कळलं.

आमच्या वस्तीत घरापुढे ट्रेलर उभा करायला एका दिवसापेक्षा जास्त परवानगी नाही. असोसिएशनचे लोक अशा बाबतीत डोळ्यांत तेल घालून असतात. म्हणून ट्रेलर ठेवला गावाबाहेरच्या एका पार्किंग लॉटमध्ये. ट्रक आणि ट्रेलरची उंची जुळवण्याचं काम श्रीकांतने तिथेच केलं. त्याने पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत एकच भीती घातली होती, की ट्रेलरचं तोंड ट्रकच्या हौद्याच्या कडांवर आपटून दोन्हींचं वाटोळं होतं. तेव्हा त्याने त्या कडांना नव्या जावयासारखं जपलं आणि तोंड चांगलं उंच राहील असं बसवलं. "एकदम परफेक्ट मॅच केलंय," असं घरी येऊन सांगितलं. ट्रेलर त्या वेळी रिकामा होता.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रेलर घरापुढे आणला आणि मी तो भरला. आता माहेर म्हटल्यावर काय काय लागतं? पाटा-वरवंटा लागतो, कारण ओल्या नारळाची चटणी मिक्सरमध्ये नुसतीच भिरभिरते. तांदळाचं पोतं, कणीक, गूळ, डिंक, खारीक, मेथ्या, तुपाच्या बरण्या. बिडाचा तवा. पाळण्याचा लोखंडी सांगाडा. शिवाय माझ्या सासूबाईंचा सागवानी चौरंग. हा चौरंग फक्त पूजेला निघतो. त्यावर कुणी बसायचं नाही आणि पाय तर चुकूनही लावायचा नाही. बारशाचा कलश त्यावरच मांडायचा असं मी ठरवलं होतं. हे सगळं मी स्वयंपाकघरात रचलं, म्हणजे ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला. स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरातच ठेवायचं असतं, यात मला काही विचार करण्यासारखं वाटलं नाही.

ओक्लाहोमा

सप्टेंबर संपत आला होता. टेक्ससात अजून उन्हाचा कडाका होता, आणि ओक्लाहोमात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या गवताची कुरणं, काळ्या गाई आणि मधूनच एखादं तळं. मी पहिल्यांदाच इतक्या उंच ट्रकमध्ये बसले होते. इतर गाड्यांची टपं दिसत होती, आणि त्याचा मला उगाचच अभिमान वाटत होता.

जेवायला हायवेवरच्या एका विश्रांतीथांब्यावर थांबलो. ट्रेलर ट्रकला जोडलेलाच होता. तीन पायऱ्या चढून मी माझ्या स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि आंबोळीचं पीठ काढलं. बाहेर लोक कागदात गुंडाळलेले सँडविच खात होते आणि मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत तव्यावर तेल सोडत होते. श्रीमंती म्हणजे याहून वेगळी काय असते! पण तेल काही तव्याच्या मधे थांबेना. मागच्या कडेला जाऊन साचलं. पीठ घातलं तर तेही तिकडेच ओघळलं. आंबोळी एका बाजूला जाड आणि कच्ची, दुसरीकडे पापडासारखी.

मी श्रीकांतला दाखवली. तो म्हणाला, "अगं, हे पार्किंगच उतारावर आहे."

दुपारी चहाला दुसरीकडे थांबलो. तिथली जमीन पाटासारखी सपाट होती. मी मुद्दाम तवा ठेवला, तेल घातलं. तेल पुन्हा मागे. तेव्हा मी विचारलं की ओक्लाहोमातले सगळे उतार आपल्या ट्रेलरच्या मागच्याच दिशेला कसे काय? यावर तो चहात बिस्किट बुडवत बसला. संसारात इतकी वर्षं काढल्यावर असल्या गप्प बसण्याचा अर्थ मला बरोबर कळतो.

खरं तर गाडी चालवताना त्यालाही काहीतरी खटकत होतं. मोठा ट्रक शेजारून गेला की आमची शेपूट डुलायची आणि स्टिअरिंगवरची त्याची पकड घट्ट व्हायची. मी विचारलं की वारा म्हणायचा.

संध्याकाळी एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडला पोचलो. इथली एक पद्धत मला फार आवडली. नवा ट्रेलर आत शिरला की आजूबाजूचे लोक फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन बसतात आणि तुम्ही तो जागेवर कसा लावता ते शांतपणे बघतात. हसत नाहीत, सल्ला देत नाहीत, नुसते बघतात. आम्ही त्यांची भरपूर करमणूक केली. मागे घेताना ट्रेलरचं तोंड एका ओकच्या झाडाच्या फांदीत अडकलं आणि छतावरच्या एसीचं प्लास्टिकचं झाकण तडकलं.

त्यावर एक आजोबा उठले, शिडी घेऊन आले आणि चिकटपट्टीने झाकण बांधून दिलं. मग खाली उतरून त्यांनी लांबूनच ट्रेलरकडे मान वाकडी करून पाहिलं. आपल्याकडे नवी गाडी आली की शेजारी पेढे मागतात. हे मात्र वाकून टायरना हात लावायला लागले. ट्रेलरला एकेका बाजूला दोन टायर, एकामागे एक. पुढच्या टायरवर त्यांनी हात सावकाश टेकवून ठेवला. मागच्याला लावला आणि पटकन काढून घेतला. "नाक फार वर आहे तुमचं," असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले. सगळं ओझं मागच्या टायरवर चाललंय, आणि अशा गरम टायरवर मी माझ्या बायकोला बसवून नेणार नाही, असंही म्हणाले. मग शिडी उचलून ते जेवायला निघून गेले.

श्रीकांत बराच वेळ त्या टायरपाशी उभा होता. नंतर त्याने चार-पाच दुरुस्तीवाल्यांना फोन लावले. सगळ्यांकडे तीन-तीन आठवड्यांची रांग. ऋजुताची तारीख त्याच्या आत होती. तो मला म्हणाला की ट्रेलर इथेच कुठेतरी ठेवू आणि नुसत्या ट्रकने पुढे जाऊ. ऋजुताला फोन केला तर तिनेही तेच सांगितलं, "आई, just come. आपण बघू काहीतरी."

आपण बघू म्हणजे काय, ते मला माहीत होतं. हॉलमधला सोफा आणि तिसऱ्या दिवशी डाळींच्या डब्यांवरून वाद. मला फार वाईट वाटलं. तळं छान होतं, पलीकडे सूर्य मावळत होता, पण माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी आत पाटा-वरवंट्याशेजारी जाऊन बसले.

मिसुरी

अमेरिकेतल्या मराठी माणसाला देवाखालोखाल आधार असेल तर तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. मी फ्रिस्कोच्या ग्रुपवर आमची रडकथा टाकली. अर्ध्या तासात पंधरा जणींनी काळजी घ्या असं लिहिलं, एकीने उपास सांगितला, आणि एकीने पूर्व किनाऱ्यावरच्या एडिसन गावातल्या शैलाताईंना फोन लावून दिला. या शैलाताई म्हणजे तिथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडजवळ राहणाऱ्या एक निवृत्त फार्मसिस्ट. त्यांची मुलगी मीरा मिसुरीत असते, एवढं मी ऐकून होते. ती काय करते हे मात्र त्या कधी सांगत नसत. आता फोनवर आवाज बारीक करून म्हणाल्या, "ट्रेलरच दुरुस्त करते हो ती. स्वतःचं गॅरेज आहे. इंजिनियर झाली आणि मग हे." आणि लगेच, "मी सांगते तिला. नाही म्हणणार नाही."

टायर तापू नयेत म्हणून सकाळी गार हवेत, रिकाम्या आडरस्त्यांनी, बैलगाडीच्या चालीने मिसुरीची हद्द ओलांडून आम्ही मीराकडे पोचलो. मक्याच्या शेतांमधे एक मोठं पत्र्याचं शेड, समोर वेगवेगळ्या आकाराचे ट्रेलर, आणि एका ट्रेलरखालून बाहेर आलेले दोन बूट. ते बूट मीराचे. चाळिशीची, केस टोपीत कोंबलेले, एडिसनमध्येच जन्मलेली. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र मोडकंतोडकं, तरी अजिबात न लाजता.

तिने टेप काढायच्या आधी ट्रेलरला एक फेरी मारली. मग मागचं दार उघडून आत डोकावली आणि बाहेर येऊन विचारलं, "मावशी, हे बेबीसाठी आहे की आर्मीसाठी?"

मी तिला पाटा-वरवंट्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि श्रीकांतकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही हाइट मॅच केली तेव्हा हा सगळा स्टोन आत होता?"

नव्हता. चूक तिथेच झाली होती. मीराने एका लाकडी फळीखाली विटेचा तुकडा ठेवून दाखवलं. मागे वजन वाढलं की शेपूट खाली बसते आणि नाक वर उठतं. नाक उठलं की ट्रकवरचा भार कमी होतो, मग ट्रकही थोडा वर येतो आणि नाक आणखी उंच. म्हणजे श्रीकांतने आधीच उंच ठेवलेलं नाक मी माझ्या गूळ-तांदळाने आभाळाला लावलं होतं. आम्हा दोघांपैकी एकट्याला दोष देता येईना, हे एक बरं झालं. पुढचा प्रवास निदान एकमेकांशी बोलत करता येणार होता.

पहिल्यांदा तिने आमच्याकडून सामान हलवून घेतलं. पाटा-वरवंटा, पोतं, पाळण्याचा सांगाडा, सगळं पुढच्या तोंडाखालच्या कप्प्यात. चौरंग मी हातात धरून उभी होते. त्याचं काय, असं श्रीकांतने विचारल्यावर मी तो वर झोपायच्या खोलीत गादीवर ठेवला. मग प्रवासाला निघताना असतो तसा भरलेला, पाण्याच्या टाकीसकट, ट्रेलर ट्रकला जोडून मीराने मापं घेतली. तरीही नाक वरच होतं. श्रीकांत म्हणाला, मग नाकच खाली घेऊ या. खुंट ज्या लोखंडी खोक्यात असतो ते ट्रेलरला बोल्टने जोडलेलं असतं, वर-खाली भोकं असतात. खोकं वरच्या भोकांत बसवलं की नाक तेवढं खाली येतं.

मीराने ट्रकच्या हौद्याची कड आणि वरचं ट्रेलरचं पोट यांच्यामधे आपला पंजा उभा धरला. "एवढी जागा लागतेच. रस्त्यात खड्डा आला, ट्रक वर गेला, ट्रेलर खाली आला, की धाड. नाक फक्त एक भोक खाली येऊ शकतं. बाकीचं ट्रेलरने वर यायला पाहिजे. दोघांनी थोडं थोडं, काका. एकालाच सगळं ॲडजस्ट करायला लावलं तर तो तुटतो."

म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या आसांजवळ स्प्रिंगच्या पट्ट्यांची जोडणी बदलून अख्खा ट्रेलर उचलायचा. सुटे भाग शेजारच्या गावातून यायचे होते. दोन दिवस तिथेच मुक्काम पडला. पहिल्या दिवशी मला दर तासाला ऋजुताला फोन करावासा वाटत होता. दोनदा केला, तिसऱ्यांदा तिनेच, "आई, मी उचलला नाही तर झोपले आहे असं समज," म्हणून सांगितलं. मग मी मनाला लगाम घातला आणि गॅरेजच्या ओट्यावर बसून लाडवांसाठी खारीक फोडायला घेतली. मिसुरीतला तो पत्र्याच्या शेडपुढचा ओटा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. समोर पिवळा पडलेला मका, त्यावर कावळ्यांसारखे पण चकचकीत काळे पक्षी, आणि आतून मीराच्या पान्याचा आवाज.

दुपारी मी तिला आंबोळ्या करून घातल्या. लसणाची चटणी तिने बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाली की आईकडे अशीच असते. आई इथे कधी आली का, असं मी विचारलं. तिने खांदे उडवले. "She says flights are tiring." एडिसनहून भारतात दरवर्षी जाणाऱ्या शैलाताईंना मिसुरीची दोन-तीन तासांची फ्लाइट दमवत असेल असं मला वाटलं नाही, पण मी तिला आणखी एक आंबोळी वाढली.

संध्याकाळी शैलाताईंचाच फोन आला. आमची चौकशी झाल्यावर त्यांनी जरा थांबून विचारलं, "कामाला माणसं आहेत ना तिच्याकडे? की तीच झोपते गाडीखाली?"

माणसं आहेत म्हणणं सोपं होतं. पण मला त्या मुलीचा फार अभिमान वाटत होता, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, "एक मदतनीस आहे. पण गाडीखाली तीच झोपते. आणि अहो शैलाताई, इतकं देखणं काम करते."

त्यांनी कामाचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाल्या, "जेवली का ती नीट?"

जेवली, असं मी सांगितलं. किती आंबोळ्या खाल्ल्या तेही सांगितलं.

काम झाल्यावर मीराने आम्हाला लांब उभं करून दाखवलं. ट्रक आणि ट्रेलर आता आडव्या धरलेल्या पट्टीसारखे एका रेषेत होते. श्रीकांत त्याकडे बघतच राहिला. मी आत जाऊन तवा ठेवला आणि तेल सोडलं. ते मधोमध थांबलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं तशी मीरा हसली आणि म्हणाली, "मावशी, एक लक्षात ठेवा. ट्रेलर वर गेला म्हणजे दारही वर गेलं. पहिली स्टेप आता उंच आहे. प्रेग्नंट मुलीला जड जाईल. Get a proper stool." श्रीकांतने वाटेत घेतो म्हणून मान डोलावली. निरोप घेताना मी तिला लाडवांचा डबा दिला, आणि तिने वाकून नमस्कार केला. बुटांना ग्रीस, हातांना ग्रीस, माझ्या पायांनाही थोडं लागलं.

ॲन आर्बर, मिशिगन

त्यापुढचा रस्ता लिहिण्यासारखा नाही, इतका तो चांगला गेला. इलिनॉय आणि इंडियानात मक्याची कापणी चालली होती, दिवसभर शेतांवर धुळीचे सोनेरी पडदे. मोठे ट्रक शेजारून गेले तरी आमची शेपूट हलली नाही. थांबलो की श्रीकांत टायरना हात लावून यायचा आणि चहा मागायचा. जसजसे उत्तरेला जात होतो तसतशी झाडं बदलत होती. मिशिगनमध्ये शिरलो तेव्हा मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते आणि मी कपाटातून शाल काढली होती.

कॅम्पग्राउंड ॲन आर्बरपासून जरा बाहेर, झाडीत. ट्रेलर लावला, ट्रक सोडवला, पाळण्याचा सांगाडा उभा केला. मी भात टाकला, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं काढलं, आंबोळीचं पीठ घुसळलं. खिडकीला धुतलेला पडदा, गादीवर माझ्या आईने शिवलेली गोधडी. माझ्या माहेरासारखं काही नव्हतं त्यात, आणि तरी होतंच.

दुपारी डॅनियलची गाडी आली. ऋजुता उतरली. फोनवरून पोट एवढं मोठं दिसत नव्हतं. तिने एक हात कमरेवर ठेवून ट्रेलरकडे खालून वर बघितलं आणि हसली. "तुम्ही खरंच घर आणलंत," असं म्हणत दारापाशी आली, दांडा धरला, पाय उचलला. पायरीपर्यंत तो पोचेना. दुसऱ्या पायाने करून पाहिलं. डॅनियल पुढे झाला, त्याला तिने नको म्हटलं. वाटेत घ्यायचं राहून गेलेलं स्टूल आठवून श्रीकांतचा चेहरा पडला. तो ट्रकमधून फोल्डिंगची ॲल्युमिनियमची खुर्ची घेऊन आला. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता.

"आई, इट्स ओके," ऋजुता म्हणाली. "तूच खाली ये ना. बाहेरच बसू आपण. छान हवा आहे."

ती सहज बोलली, चेहऱ्यावर हसू ठेवून. पण तिचा हात अजून दांड्यावर होता. एवढं सगळं करून लेक उंबऱ्याखाली उभी आणि मी वर, हे मला सहन होईना. मला रडूच यायला लागलं. मी आत वळले. झोपायच्या खोलीत गादीवर चौरंग होता. चार भक्कम पाय, सागवानी, जराही न हलणारा. मी तो उचलला, दारातून वाकून श्रीकांतच्या हातात दिला आणि पायरीखाली मांडायला सांगितला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मांडला, हाताने दाबून बघितला.

ऋजुताने पाय मागे घेतला. "आई, हा पूजेचा चौरंग आहे. लहानपणी यावर उभी राहिले म्हणून तू मला केवढं ओरडली होतीस."

"आठवतंय मला," मी म्हटलं. "ठेव पाय."

तिने बूट काढायला वाकायचा प्रयत्न केला, ते काही जमेना. मी म्हटलं राहू दे बूट. मग तिने पाय ठेवला, माझा हात धरला आणि वर आली. आत आल्यावर तिने जेवताना कपाटं उघडून डाळींचे डबे कुठे आहेत ते पाहिलं आणि काही बोलली नाही. चार आंबोळ्या खाल्ल्या, आणि वरच्या गादीवर गोधडी ओढून संध्याकाळपर्यंत झोपली. मी दार लोटून खाली येऊन बसले.

ती रोज आली. कधी तेल लावून घ्यायला, कधी नुसतीच पडायला, कधी माझ्याशी भांडून परत जायला. आठवड्यानंतर एका सकाळी डॅनियलचा फोन आला आणि आम्हाला नात झाली.

बारसं ट्रेलरमध्येच केलं. मीराने पाठवलेला व्हिडिओ आला होता, त्यात तिच्या शेडपुढच्या ओट्यावर शैलाताई पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या दिसत होत्या. पाळण्याला फुलं बांधून झाली, कलशात पाणी भरलं, वर नारळ ठेवला. कलश मांडायला चौरंग हवा म्हणून श्रीकांत तो आणायला दाराकडे निघाला. मी त्याला थांबवलं. डॅनियलने आदल्या दिवशी आणलेलं डायपरचं पुठ्ठ्याचं खोकं रिकामं केलं, त्यावर धुतलेला खण अंथरला आणि कलश त्यावर ठेवला. चौरंग पायरीखालीच राहू दिला. बाहेर गाडीचं दार वाजलं होतं, आणि ऋजुता बाळाला घेऊन वर येणार होती.